सीझन, ऊन आणि आवळलेली छाती: सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

'र' हा २६ वर्षांचा ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष मानणारा. सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या दोन खोल्यांत आईसोबत राहतो. आई विड्या वळते. तो स्वतः शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्टरच्या हाताखाली काम करतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तो माझ्याकडे आला तो पाठदुखीचा रुग्ण म्हणून. हे सगळं त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिलं आहे.

सोलापुरी चादर आणि टॉवेल सगळ्यांना ठाऊक असतात. गणवेशाचा धंदाही इथे मोठा आहे, आणि त्याचं वर्षभराचं गणित जूनवर बसलेलं असतं. शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे, त्यामुळे मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सीझन. बारा-बारा तास काम, वर ओव्हरटाइम. आणि नेमक्या याच महिन्यांत इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो. या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचं मूळ या योगायोगात आहे.

कारखान्यात सगळे त्याला पुरुष म्हणूनच ओळखतात. हजेरीच्या वहीत नुसतं आडनाव आहे, आठवड्याचा पगार हातात मिळतो, आधार कार्ड कुणी मागितलेलं नाही. घरी मात्र तो अजून आईची 'पोरगी' आहे. हार्मोन्स सुरू केलेले नाहीत. त्यामुळे कारखान्यातली ओळख टिकते ती तीन गोष्टींवर: आवाज (मुळातच जाडा), केस आणि सपाट छाती. पहिल्या दोहोंची चिंता नव्हती.

समस्या

एप्रिलच्या मध्यावर तो आला. तक्रार त्याच्याच शब्दांत: "पाठ दुखतीया ते जाऊ द्या मॅडम. जिना चढलं की दम लागलालाय, आणि ही दोन बोटं झोपतात." झोपत होती ती उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. त्या हाताने तो उभ्या पात्याचं कटिंग मशीन चालवतो. कापडाच्या शंभरेक थरांतून जाणारं पातं बधिर बोटांनी धरणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तपासायला शर्ट काढायला लागेल म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आत पट्टी आहे." सहा इंची क्रेप बँडेजच्या दोन गुंडाळ्या, एकावर एक, वर घट्ट बनियन. सकाळी सातला बांधायची, रात्री नऊ-दहाला सोडायची. आठवड्याचे सातही दिवस, कारण रविवारी गल्लीतली पोरं भेटतात.

बांधलेल्या अवस्थेत छातीच्या खालच्या भागाचं प्रसरण टेपने मोजलं, तर पूर्ण श्वास घेऊनही जेमतेम दीड सेंटिमीटर. पट्टी सोडून, दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं तेव्हा साडेचार. डाव्या बाजूच्या एका बरगडीवर बोट दाबलं की तो कळवळायचा. एक्स-रे काढून घेतला, हाड शाबूत होतं. खांदे पुढे गोळा झालेले, पाठीला वरच्या बाजूला पोक. कटिंग टेबलवर दिवसभर वाकणं, छाती लपवायला खांदे पुढे आणणं आणि वरून पट्टीचा आवळ, या तिन्ही गोष्टी शरीराला एकाच दिशेने ओढत होत्या.

सर्वांत वाईट स्थिती छातीच्या घडीखालच्या कातडीची होती. लालसर, कडा उठलेले चट्टे, मध्ये सोलवटलेली त्वचा, आंबट वास. मेडिकलमधून विचारून आणलेली एक ट्यूब तो दोन महिने लावत होता. "लावली की दोन दिवस थंड पडतं, मग डबल होतं," हे वाक्य ऐकलं की त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे हे बघायलाही लागत नाही. बघितलं, आणि होतंच.

आणखी एक गोष्ट विचारल्यावर निघाली. कारखान्यात एकच संडास, कडी नीट न लागणारी. तिथे जायला लागू नये म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता. एप्रिलमध्ये, सोलापुरात.

मोठ्या छातीचा प्रश्न वेगळा का

छाती लहान असेल तर ती दाबून झाकता येते. 'र'चा छातीचा घेर ४६ इंच, छातीखाली ३६. दहा इंचांचा हा फरक दाबून नाहीसा होत नाही. ते मांस कुठेतरी सरकतंच. वर ढकललं तर गळ्याखाली फुगवटा येतो, मध्ये दाबलं तर एकच जाड पट्टा दिसतो, शिवाय श्वास कोंडतो. खाली आणि बाजूला, काखेच्या दिशेने बसवलं तर त्यातल्या त्यात नैसर्गिक उतार मिळतो. क्रेप बँडेजने हे बसवणं साधत नाही, नुसतं आवळणं साधतं. त्यातून छाती जड असली की पट्टी घामाने घसरते, घडीखाली जाऊन तिची दोरी होते, आणि माणूस संडासात उभा राहून ती आणखी घट्ट गुंडाळतो. श्वास सोडताना छाती बसते तशी पट्टीही बसते, पण श्वास घेताना ती तितकी सैल होत नाही.

छाती बांधण्याच्या परिणामांवरचं एक मोठं सर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या १,८०० जणांपैकी ९७ टक्क्यांहून अधिकांनी किमान एक तरी शारीरिक त्रास नोंदवला होता. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या. एक, मोठ्या छातीच्या लोकांना त्वचेचे त्रास जास्त होते. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते: आठवड्यातले किती दिवस बांधलं, याचा त्रासाशी सर्वांत सातत्याने संबंध दिसला. बहुतेक सल्ले तासांवर अडकतात, 'आठ तासांपेक्षा जास्त नको' म्हणतात आणि थांबतात. तो सल्ला चुकीचा नाही. पण आठ तास आणि सातही दिवस, हेही शरीराला परवडत नाही.

त्याच सर्वेक्षणात लोकांनी हेही सांगितलं होतं की बांधल्यामुळे मनाला बरं वाटतं, बाहेर वावरताना सुरक्षित वाटतं. 'र'च्या बाबतीत तर ही बाजू पोटापाण्याची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कुठलाही डॉक्टर सांगेल: बांधणं बंद. त्वचा बरी होईपर्यंत तरी. वैद्यकीयदृष्ट्या सरळ उत्तर. पण ते ऐकल्यावर 'र' मान हलवून निघून गेला असता आणि दुसऱ्या दिवशी सातला पट्टी बांधून कामावर हजर झाला असता. माझ्याकडे मात्र पुन्हा आला नसता. सीझनमध्ये सुट्टी मागणं म्हणजे जागा दुसऱ्याला देणं, आणि न बांधता जाणं त्याच्या हिशेबी त्याहून वाईट. म्हणून हा पर्याय मी पूर्ण रूपात मांडलाच नाही. 'क्रेप बँडेज आजपासून बंद, याला तडजोड नाही. बाकीचं आपण बसून ठरवू' एवढंच म्हटलं.

दुसरा पर्याय, तयार बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून शर्टाच्या आत घालायचा घट्ट कपडा. तो त्याने आधी करून पाहिला होता. ऑनलाइन मागवलेला, मुद्दाम एक साइज लहान, 'जास्त सपाट होईल' म्हणून. हा समज फार पसरलेला आहे आणि फार नडतो. पण साइजची अडचण त्याच्या एकट्याच्या समजुतीची नव्हती. तक्त्यात छाती आणि खांदा अशी दोन मापं असतात. त्याची छाती एका साइजमध्ये आणि खांदा दोन साइज खाली. छातीप्रमाणे घेतला तर मुंढा लोंबतो आणि काखेतून सगळं बाहेर; खांद्याप्रमाणे घेतला तर श्वास नाही. शिवाय डोक्यातून घालायचा. घामाने ओल्या अंगावरून तो काढताना एकदा खांद्यापाशी अडकला, दोन्ही हात वर आणि बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. त्या दिवसापासून तो ट्रंकेच्या तळाशी.

तिसरा, अंगावर चिकटवायची किनेसिओलॉजी टेप. श्वासाला मोकळीक मिळते, म्हणून मोहात पाडते. पण टेप छातीभोवती पूर्ण गुंडाळायची नसते, टोकं न ताणता चिकटवायची असतात, आणि मुळात खालची कातडी धड असावी लागते. जड छातीचं सगळं ओझं टेपच्या टोकांवर येतं. तिथेच फोड उठतात. एवढा घाम आणि सोलवटलेली त्वचा असताना मी ती साफ नाकारली.

चौथा, बाइंडरशिवाय जमेल तेवढं: समोर चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा आणि वरच्या कपड्यांची हुशारी.

पाचवा, शस्त्रक्रिया. त्याला ती हवी आहे. पण त्यासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या, मानसोपचारतज्ज्ञाचा अभिप्राय, पैसे आणि विश्रांतीचे आठवडे लागतात. आयुष्मान भारतखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांच्या संरक्षणाची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली, पण तिचं दार उघडतं ते सरकारी ओळखप्रमाणपत्राने. कागदपत्रं घराच्या पत्त्यावर येतील, ही त्याची भीती होती. आईला सांगण्याआधी कागद नको, हे त्याने ठामपणे सांगितलं आणि तो विषय तिथेच ठेवला.

निर्णयाची जागा

खरी अडवणूक पर्यायांच्या यादीत नव्हती. 'र' एकच गोष्ट मोजत होता: किती सपाट. मी विचारलं, तुमच्या कारखान्यात जाडजूड पुरुष किती आहेत? तो हसला. कटिंग मास्टर स्वतः शंभर किलोचे. त्यांची छाती सपाट आहे का? नाही. मग त्यांच्याकडे बघून कुणाला शंका का येत नाही?

यावर तो एकदम कारागिरासारखा बोलायला लागला. त्यांचा शर्ट खांद्यावर बसतो आणि तिथून सरळ खाली पडतो, म्हणाला. दोन बाजूंना दोन उंचवटे आणि मध्ये खळगा असं नसतं. वरून पोटापर्यंत एकच उतार. म्हणजे आपल्याला सपाट छाती नको आहे, जाड माणसाची छाती हवी आहे. हे त्याने स्वतः म्हटलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे शक्य झालं. सपाटपणाचा हट्ट सुटला की दाब कमी करता येतो, दाब कमी केला की श्वास आणि कातडी दोन्ही सुटतात.

मग दुसरा प्रश्न: हे दिसणं कुठे, कुणासमोर, किती वेळ लागतं? आठवडा मांडून बसलो. कारखान्यात सहा दिवस, हे हलणार नव्हतं. पण त्यातला दुपारनंतरचा बराच वेळ तो मागच्या खोलीत गठ्ठे बांधायला आणि नंबर मारायला एकटाच असतो. जाता-येता रिक्षात ओळखीचं कुणी नसतं. आणि रविवारी गल्लीतल्या कट्ट्यावर अंधार पडल्यावरच बसतात.

काय केलं

त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवलं. आधी फोन करून रुग्णाला कसं संबोधायचं ते सांगितलं, बाहेर हाक मारताना फक्त आडनाव घ्या म्हटलं. बुरशीचा संसर्ग होता, स्टेरॉइडने बळावलेला. ट्यूब बंद, काही आठवड्यांचं औषध, आणि घडी कोरडी ठेवण्यासाठी मलमलची जुनी धुतलेली घडी मध्ये ठेवायची.

पहिले पंधरा दिवस बाइंडर नाहीच. समोरून उघडणारी स्पोर्ट्स ब्रा, शिवण टोचू नये म्हणून उलटी करून. वर बनियन, त्यावर एक साइज मोठा, गडद चौकड्यांचा, दोन खिशांचा शर्ट. खांदा मात्र त्याने स्वतः उसवून मापाचा करून घेतला, कारण खांदा लोंबला की लक्ष छातीकडे जातं. दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मध्ये फट पडायची, तिथे आतून टिचबटण.

तरीही हे पुरेसं नव्हतं, आणि त्याला ते माहीत होतं. तोड त्याची स्वतःची होती: एप्रन. जाड खाकी ड्रिलचा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, छातीवर खडू, टेप आणि कात्रीसाठी रुंद खिसा. एकट्याने घातला असता तर "उन्हात हे काय बे?" झालं असतं. म्हणून त्याने मास्टरना पटवलं की कपड्यांना खडू लागतो, मालकाकडून सगळ्या कटिंगवाल्यांना एप्रन मिळायला हवेत. उरलेल्या कापडातून त्यानेच चार कापले. छातीवरचा भरलेला खिसा इतका पुढे येतो की खाली काय आहे ते कुणाला कळायचा प्रश्नच नाही.

कातडी सुकल्यावर मग बाइंडर, त्याचा स्वतःचा. पॅटर्न कागदावर काढून घेऊन आला तेव्हा मी फक्त शरीराच्या बाजूने बोलले. समोरचा भाग न ताणणाऱ्या कापडाचा दुहेरी, आतलं अस्तर सुती. पाठ जाळीदार ताणणाऱ्या कापडाची. समोर मध्यभागी चेन, चेनच्या मागे पट्टी, म्हणजे अडकलं तर एका हाताने पाच सेकंदांत मोकळं. मुंढा खोल, काखेतल्या शिरा दबू नयेत म्हणून. लांबी बेंबीच्या खाली, पँटमध्ये खोचायला. आखूड ठेवला तर जड छातीखाली तो गुंडाळत वर चढतो. माझी कसोटी एकच होती: घालून पूर्ण श्वास घ्यायचा, जोरात खोकायचं, जमिनीवरची वस्तू उचलायची. पहिला नमुना खोकण्यात नापास झाला. बाजूच्या शिवणीतून एकेक इंच सोडला.

वेळापत्रक असं ठरलं: सकाळी आठ ते एक बाइंडर, जेवणाच्या सुट्टीत चेन पूर्ण उघडी, दुपारी मागच्या खोलीत एप्रनवर भागवायचं, सुटताना गरज वाटली तर पुन्हा. रविवारी आणि मधल्या एका वाराला बाइंडरला पूर्ण सुट्टी. त्या मधल्या वाराला तो घाबरत होता. एप्रन नसता तर तो निभावलाच नसता.

व्यायाम साधे. टॉवेल घट्ट गुंडाळून पाठीच्या मणक्याखाली आडवा ठेवायचा, हात डोक्यामागे घेऊन मागे झुकायचं. दारात उभं राहून छातीचा ताण. बाइंडर काढल्याबरोबर, बरगड्यांवर तळवे ठेवून खालपर्यंत दहा श्वास आणि दोन मोठे खोकले. कटिंग टेबलच्या पायांखाली विटा ठेवून उंची वाढवली. याचा फायदा मास्टरच्या कंबरेलाही झाला, त्यामुळे विरोध झाला नाही. पाण्याची बाटली टेबलवर, आणि संडासाच्या दाराला त्याने स्वतःच नवी कडी ठोकली.

आईचा फोन

मध्ये एक प्रसंग घडला. बाइंडर दोरीवर वाळत घालता येत नाही, म्हणून तो कपाटामागे ओला टांगायचा. ओला बाइंडर पुन्हा घातला की बुरशी परत. एक दिवस आईला तो सापडला. तिने विचारलं, त्याने पाठीचा पट्टा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन: "मॅडम, ते पट्टा किती दिवस घालायचं तिनं?"

रुग्णाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायची नाही, हे पक्कं. पण खोटंही बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "रोज घालायचा नाही. एका वेळी सलग पाच तासांच्या वर नको. रात्री झोपताना मुळीच नको. आणि धुऊन कडक वाळवल्याशिवाय घालायचा नाही." यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. त्या दिवसापासून आई स्वतः तो धुऊन पत्र्यावर, चादरीच्या आड वाळवते आणि नऊ वाजले की "पट्टा काढ" म्हणून ओरडते. तिला किती कळलं आहे, हे 'र' विचारत नाही. मीही विचारलेलं नाही.

निष्पत्ती

बोटांच्या मुंग्या तीन आठवड्यांत थांबल्या. बाइंडर घालूनही प्रसरण साडेतीन सेंटिमीटर येतं. दम लागत नाही. बरगडीचं दुखणं मेअखेर गेलं. पाठ अजून दुखते, पण बारा तास कटिंग करणाऱ्या कुणाची दुखत नाही?

त्वचेची लढाई मात्र अर्धीच जिंकली आहे. चट्टे गेले, पण दमट हवेत, म्हणजे जून-जुलैत, घडीखाली पुन्हा लाली आली. मोठ्या छातीचा हा भाग बाइंडर कितीही चांगला असला तरी सुटत नाही. घडी आहे तोवर घाम आहे. आता लाली दिसली की तो दोन दिवस बाइंडर घालत नाही आणि मेडिकलमध्ये जात नाही.

मामेभावाच्या लग्नात त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत बाइंडर घातला, चौदा तास. नातेवाईकांनी बोलायला नको म्हणून नव्हे, फोटोसाठी. पुढचे चार दिवस बरगड्या दुखल्या. "माहीत होतं, तरी घातलं," म्हणाला. मला तो निर्णय चुकीचा वाटला नाही. किंमत माहीत असून घेतलेला होता, आणि पुढचे चार दिवस त्याने विश्रांतीचे ठेवले होते.

कारखान्यात कुणाला काही लक्षात आल्याचं दिसलं नाही. सीझन संपताना त्याची रोजी वाढली.

वेगळं काय करता आलं असतं

बाइंडरचा प्रयोग उन्हाळ्यात आणि सीझनमध्ये करणं हा सर्वांत अवघड मुहूर्त. जानेवारी-फेब्रुवारीत कापड, माप, चेन सगळं करून पाहिलं असतं तर मेमध्ये फक्त वेळापत्रक सांभाळायचं उरलं असतं. तो तेव्हा आला नव्हता ही गोष्ट खरी, पण तो आधी दोन ठिकाणी पाठदुखीसाठी जाऊन आला होता. तिथे कुणी शर्ट काढायला सांगितलं नाही. अशा तक्रारीत, विशेषतः जाड शर्ट घालून येणाऱ्या तरुण रुग्णाला, "छातीला काही बांधता का?" हा प्रश्न सहजपणे, पाणी किती पिता हे विचारतो त्याच सुरात विचारायला हवा.

छातीतल्या गाठींची तपासणी या सगळ्यात मागे पडली. रोज आवळलेल्या छातीला हात लावायला माणूस टाळतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दारात बसणं 'र'सारख्याला नकोसं असतं. हे पहिल्या महिन्यातच, त्वचारोगतज्ज्ञांच्या भेटीला जोडून करता आलं असतं. ते शेवटी दिवाळीनंतर झालं. काही निघालं नाही.

शस्त्रक्रियेचा विषय त्याच्या सांगण्यावरून बाजूला ठेवला, ते योग्यच. पण मधल्या काळात जास्त दाब दिला तर कातडीची लवचिकता कमी होते आणि पुढे शस्त्रक्रियेत त्याचा अडथळा येऊ शकतो, ही माहिती त्याला सुरुवातीलाच दिली असती तर सुट्टीच्या दिवसांबद्दलची घासाघीस बहुधा कमी झाली असती. ही गोष्ट ऐकल्यावर त्याने मधला वार स्वतःहून एकाचे दोन केले.

यंदा गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेची, गर्दी ओसरल्यावर तो नवा पॅटर्न घेऊन आला. पाठीची जाळी आणखी मोकळी, घडीखाली काढून धुता येईल अशी सुती पट्टी, आणि दोन नग, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगावर. खोकण्याची कसोटी तो घरूनच करून आला होता.